सोनपेठचे चार थंड दिवस

मार्गशीर्षाच्या अखेरीस मंडळी हवा पालटावयास महाबळेश्वर-माथेरानची वाट धरतात. अशा दिवसांत आम्ही उभयता सोनपेठास निघालो, हे ऐकून स्नेहीमंडळींस हसू आले. परभणी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव प्रवासवर्णनात सहसा आढळावयाचे नाही. येथे ना धबधबा, ना किल्ला, ना हवेशीर बंगले. परंतु आम्हांस बोलावणे आले होते, आणि ते घरचे होते. आमच्या चुलतबंधूंनी कळविले होते : "चिरंजीवांनी बिअरची ब्रुअरी काढण्याचे मनावर घेतले आहे; आईने त्याच्याशी अबोला धरला आहे; आणि या थंडीत त्याच्या ज्वारीला मोड येत नाहीत. एकदा येऊन जावे." एकाच पत्रात इतकी संकटे, आणि तीही इतकी भिन्न जातीची, आमच्या पाहण्यात पूर्वी आली नव्हती. आम्ही निघालो.

मनमाडहून पूर्वेस वळलेली गाडी छत्रपती संभाजीनगर, जालना, सेलू, मानवत रोड अशी स्थानके घेत परभणीस पोहोचते. पूर्वी हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९४८ च्या सप्टेंबरात तो मुक्त झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. परभणीस गाडी बदलून आम्ही गंगाखेडची वाट धरली. वाटेत पोखर्णीचे स्थानक लागते. तेथील नरसिंहाचे देवस्थान या प्रांतात सर्वांच्या श्रद्धेचे आहे. पुढे पूल येतो आणि खाली गोदावरीचे रुंद पात्र दिसते. गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. तेथून पश्चिमेस एस. टी. ने सोनपेठ. दुतर्फा काळीभोर जमीन. कोठे वेचणीला आलेला कापूस, कोठे तूर, कोठे उसाच्या बैलगाड्या, आणि मधून मधून निसवू लागलेली रब्बी ज्वारी. ही ज्वारी पूर्वी मैलोगणती असे. आता सोयाबीन, कापूस आणि ऊस यांनी तिला बाजूस सारले आहे. हे दृश्य आम्ही खिडकीतून नुसते पाहिले; त्याचा अर्थ आम्हांस पुढे कळला.

थंडीविषयी मात्र प्रारंभीच सांगितले पाहिजे. पुण्या-मुंबईच्या मनुष्यास मराठवाडा म्हणजे उन्हाळा एवढेच ठाऊक असते. परंतु समुद्र दूर, आकाश निरभ्र, हवा कोरडी. यामुळे दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच आपली ऊब आकाशास देऊन टाकते, आणि उत्तरेकडील वारे वाहू लागले म्हणजे राज्यातील अत्यंत थंड ठिकाणांत परभणीचे नाव येते. २०१८ च्या डिसेंबरअखेर तेथील पारा तीन अंशांच्या आसपास उतरला होता. आम्ही पोहोचलो त्या पहाटे देवघरातील खोबरेल शिशीत घट्ट झाले होते आणि वहिनींचे विरजण लागले नव्हते. दुपारी मात्र त्याच अंगणात छत्री घ्यावी असे ऊन! पुतण्याने भिंतीस दोन तापमापक टांगून ठेवले होते. त्याच्या वहीत पहाटे सात अंश आणि दुपारी एकोणतीस अशी नोंद होती. एका दिवसात बावीस अंशांची ही चढउतार हेच त्याच्या दुःखाचे मूळ, हे समजावयास आम्हांस दोन दिवस लागले.

आता या चिरंजीवांचा उद्योग काय, ते सांगणे प्राप्त आहे. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी बिअर हा शब्द उच्चारला तरी वडीलधारी माणसे उठून जातील, हे आम्ही जाणतो. आमच्याही घरी तसेच आहे. परंतु घरातील मुलगा जे करू पाहतो ते नीट समजून न घेता त्यास बोल लावणे हेही शहाण्या कुटुंबास शोभत नाही. हा मुलगा सूक्ष्मजीवशास्त्र शिकला आणि पुण्यास एका लहान ब्रुअरीत नोकरीस राहिला. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' नावाची छोटी ब्रुअरी निघाली, आणि तेव्हापासून ताजी बिअर थोड्या प्रमाणात करून तेथेच देण्याचा हा व्यवसाय त्या शहरात वाढत गेला. तेथे काम करता करता त्याच्या मनात आले, की हा सारा व्यवहार जवावर चालतो आणि जव आपल्या भागात पिकत नाही. मग ज्वारी का नको? आपल्या शिवारातील ज्वारीस मोड आणून, वाळवून, तिचे माल्ट करावे. ते आधी विकावे. पुढे रीतसर परवाना मिळाल्यास लहानशी ब्रुअरी काढावी. त्यासाठी गावालगतची दोन एकर जमीन विकावी, अशी त्याची योजना होती. परवान्यावाचून बिअरचा एक थेंबही येथे करावयाचा नाही, हा नियम मात्र त्याने कसोशीने पाळला होता. तूर्त जे चालले होते ते केवळ ज्वारीस मोड आणण्याचे काम.

आमच्या काकूंचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांचा विरोध केवळ सोवळ्याओवळ्याचा असता तर त्यास उत्तर देणे सोपे होते. पहिल्याच रात्री शेगडीपाशी बसून त्या आम्हांस म्हणाल्या, "अरे, याच गल्लीतली दोन घरं दारूनं बसलेली मी पाहिली. एका घरातली लेक माझ्याकडं भाकरी मागायला यायची. गावोगावच्या बायकांनी मतं देऊन बाटली आडवी केली, आणि माझ्या नातवानं ती उभी करायची?" राज्यातील नियमानुसार गावातील निम्म्याहून अधिक स्त्रियांनी विरुद्ध मत दिल्यास दारूचे दुकान बंद होते, त्या मतदानाचा हा उल्लेख. पुतण्या खाली मान घालून ऐकत होता. आमच्यापाशीही उत्तर नव्हते. धान्यापासून मद्यार्क काढण्यास सरकारने २००७ मध्ये उत्तेजन देण्याचे ठरविले, तेव्हा डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्यास प्रखर विरोध केला होता. काकूंनी ते काही वाचले नसेल. परंतु त्यांचा मुद्दा तोच होता.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने आम्हांस आपली अपयशे क्रमाने दाखविली. माल्ट करण्याची रीत वरवर सोपी आहे. ज्वारी निवडून, धुऊन एक दिवसरात्र भिजवावी, पाणी मधून मधून पालटावे. मग ओल्या गोणपाटावर पसरून चार-पाच दिवस हलवीत, शिंपडीत राहावे. दाण्यास मोड फुटले म्हणजे त्याच्या पोटात असे पाचक द्रव्य उत्पन्न होते, की ते पिठूळ भागाची साखर करू लागते. ती साखर म्हणजेच पुढे यीस्टचे अन्न. मोड पुरेसे आले की धान्य वाळवून, चोळून, कोंब व मुळ्या काढून टाकावयाच्या. ज्वारीचे हे कोंब काढणे फार आवश्यक असते. कारण कोवळ्या ज्वारीत जे विष असते, ज्यामुळे उभ्या पिकात शिरलेली गुरे दगावतात, तेच या कोंबांत असते. शेतकऱ्यास हे सांगावे लागत नाही.

त्याने पहिला वाफा कार्तिकात घातला. दाणे फुगले, परंतु मोड आले ते दहांत दोघांस. बाकीचे आंबूस वासाने फुकट गेले. दुसऱ्या खेपेस त्याने खोलीत विजेच्या शेगड्या लावल्या. तीन रात्री बरे चालले. चौथ्या रात्री वीज गेली ती सकाळी आली. वरचे दाणे वाळून कोळ झाले होते आणि खालचे गारठले होते. तिसऱ्या खेपेस खोलीच्या फटी बुजवून ऊब कोंडली. तेव्हा हवा न मिळाल्याने हिरवी बुरशी चढली आणि तीन पोती ज्वारी उकिरड्यावर गेली. "काका," तो म्हणाला, "ही थंडी माझी वैरीण आहे. पुण्यात मी यंत्रावर आकडा लावला की काम होत असे. इथं आकडा लावायचा कुठं?" तीन पोती ज्वारी फुकट गेल्याचे दुःख त्याच्या पित्यासही होते, ते बोलले नाहीत एवढेच.

आम्ही विचारले, "अरे, मग कार्तिक-मार्गशीर्षात आरंभ करण्याची बुद्धी तुला कोणी दिली?" त्याने पुस्तके पुढे केली. सारी युरोपातली! त्यांत लिहिले होते, की माल्ट करण्यास थंडीचे दिवस उत्तम. आणि ते तेथे खरेच आहे. बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात बिअर करण्यासच मनाई झाली. एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत हे काम बंद असे, कारण उष्म्याने ती नासे. थंडी टिकवावी म्हणून लोक हिवाळ्यातील बर्फ तळघरांत साठवीत. पुढे १८७० नंतरच्या काळात कार्ल फोन लिंडे याने शीतयंत्र सिद्ध केले ते प्रथम म्यूनिकच्या ब्रुअऱ्यांच्याच कामी आले. आपल्या देशात इंग्रजांनी ब्रुअरी काढावयास कसौलीसारखा डोंगर शोधला तो याच कारणाने. तेव्हा पुस्तकांत असत्य काही नव्हते. फक्त ती जवाविषयी होती. जव हे थंड देशाचे धान्य. पंधरा-सोळा अंशांत त्यास मोड सुखाने येतात. ज्वारी ही उष्ण देशाची लेक. तिला पंचवीस ते तीस अंशांची ऊब लागते. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे, आणि नायजेरियाच्या सरकारने १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तेथील मोठमोठ्या ब्रुअऱ्याही ज्वारीकडे वळल्या. त्यांच्यापाशी ऊब होती. आमच्या चिरंजीवांनी जवाचा नियम ज्वारीस लावला आणि दोष थंडीस दिला.

तिसरा दिवस मार्गशीर्ष अमावास्येचा होता. काकूंचे माहेर लातूरकडचे. तिकडे हा दिवस वेळ अमावास्येचा, बोलीत येळवस, म्हणून फार मोठा मानतात. काकूंनी तो सण सासरी आणला आणि साठ वर्षे पाळला. सकाळीच सर्व मंडळी शेतात गेली. कडब्याची कोप उभारली होती. आत चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. पूजा झाली, मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. ही आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ आंबवून ताकात कालविलेले पेय; थंड, आंबट, जिऱ्या-लसणाच्या वासाचे. उन्हात बसून आम्ही तिचे दोन तांबे घेतले आणि सहज म्हणालो, "काकू, घरी विरजण लागत नाही, मग ही आंबील इतकी छान कशी आंबली?"

काकू हसल्या. "थंडीत तिला एक दिवस जास्त द्यायचा. मडकं चुलीजवळ नाही ठेवायचं; एका अंगानं भाजतं नि दुसऱ्या अंगानं गारठतं. तळघरात ठेवायचं, वाकळ पांघरून. तिथं उन्हाळा नाही नि हिवाळा नाही."

पुतण्याने हातातला उंडा तसाच खाली ठेवला. आजी त्याच्याशी बोलत नव्हती. ती आमच्याशी बोलत होती. परंतु ऐकणारा ऐकत होता.

त्याचा पहिला विचार शेतातील जुन्या पेवाकडे धावला. पेव म्हणजे धान्य साठविण्याची जमिनीतील विहीरवजा खोल खाच. आत ऊब कायम असते. परंतु सालगड्याने त्यास तेथेच थांबविले. "मालक, पेवात कोंदट हवा साचते. आत आधी दिवा सोडायचा. दिवा विझला तर माणसानं उतरायचं नाही. ओलं धान्य तर आणखीच वाईट." हे शास्त्रासही धरूनच होते. मोड येणारे धान्य आपल्यासारखाच श्वास घेते व जड वायू सोडते. तो खाली साचतो आणि उतरणारा माणूस क्षणात बेशुद्ध होतो. पेवात प्राण गेल्याच्या हकीकती जुन्या माणसांना ठाऊक असतात. तेव्हा पेव राहिले आणि तळघर ठरले. कारण वाड्याच्या तळघरास रस्त्याच्या बाजूने दोन झरोके आहेत आणि हवा खेळती राहते. तरीही पहिल्या वेळी तो दिवा घेऊनच उतरला.

त्याच संध्याकाळी भिजलेली ज्वारी तळघरात पसरली गेली. तापमापकाने बावीस अंश दाखविले. बाहेर रात्री सात झाले, तरी आत बावीसच. जमिनीच्या पोटात वर्षाची सरासरी ऊब मुरलेली असते; तिला रात्र आणि दिवस यांचे सोयरसुतक नसते. आता उणे होते ते चार-पाच अंशांचे. पुतण्या पुन्हा शेगडीचा विचार करू लागला. तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. काकू दोन पायऱ्या उतरून थांबल्या होत्या आणि मागे वहिनींच्या हातांत जुन्या लुगड्यांच्या दोन जाड वाकळा होत्या. काकू म्हणाल्या, "धान्याला स्वतःचीच ऊब असते. ती राखावी लागते फक्त. वरून पांघर, पण दाबू नको. नि सकाळ-संध्याकाळ हलव." बोलणे नातवाशी झाले होते, हे ध्यानात येताच त्या गप्प झाल्या आणि वर निघून गेल्या.

मोड फुटू पाहणारे धान्य उष्णता देते, हेही पुस्तकांत होते. परंतु तेथे ते अडचण म्हणून सांगितले होते, कारण जवाचा ढीग तापू नये म्हणून तो पातळ करावा लागतो. येथे तीच अडचण सोय झाली. दुसऱ्या सकाळी वाकळीखाली सव्वीस अंश होते.

आम्ही निघण्यापूर्वी पुतण्याने आम्हांस खडक्याकडे नेले. तेथे गोदावरीवर बंधारा आहे. परळीच्या औष्णिक वीज केंद्रास पाणी येथूनच जाते. २०१५ च्या जुलैत पाण्याअभावी ते सारे केंद्र बंद ठेवावे लागले होते. आम्ही तेथे उभे राहून मनातली शंका बोलून दाखविली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच एप्रिलात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेथील ब्रुअऱ्यांच्या पाण्यात पन्नास टक्के, पुढे मे महिन्यात साठ टक्के कपात केली. एक लिटर बिअरला चार ते सात लिटर पाणी लागते. अशा भूमीत हा उद्योग काढावा काय?

त्याने हिशेब तयार ठेवला होता. महिन्यास ५,००० लिटर बिअर धरली आणि लिटरमागे सात लिटर पाणी धरले, तरी वर्षास ४,२०,००० लिटर होतात. "एक एकर उसाला याच्या दहापटीहून जास्त लागतं, काका. आणि मी दोन एकरांवर ऊस लावला असता तर तुम्हांला कोणी बोलावलं असतं का?" हा प्रश्न आम्हांस निरुत्तर करणारा होता. रब्बीची ज्वारी जमिनीतील ओलीवर येते; तिला गिऱ्हाईक मिळाले तर कदाचित हे शिवार पुन्हा ज्वारीचे होईल, हे त्याचे म्हणणेही पोकळ नव्हते. परंतु पाण्याचा हिशेब मांडता येतो. काकूंनी पाहिलेल्या त्या दोन घरांचा हिशेब कोणत्या वहीत मांडावा? हेही आम्ही त्यास सांगितले. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ते आजीलाच विचारावं लागेल."

चौथ्या दिवशी सायंकाळी आम्ही तळघरात उतरलो. वाकळ दूर करताच काकडीसारखा ताजा वास आला. जवळजवळ प्रत्येक दाण्यास पांढरा मोड फुटला होता. वहिनींनी मूठभर दाणे ताटलीत घालून वर नेले. काकूंनी चष्मा लावून ते पाहिले आणि नातवास, आता सरळ त्याच्याकडे पाहून, विचारले, "हे वाळवून, कोंब चोळून दळलं, तर लेकराच्या पेजेला चालंल का?"

"चालेल, आजी. माल्ट तेच असतं."

"मग आधी ते कर. दोन एकर आत्ताच कशाला विकायची? बाकीचं मी असेपर्यंत माझ्यापुढं बोलू नको. नि माझ्यामागं करशील तर त्या दोन घरांची आठवण ठेवून कर."

हा निकाल कोणाच्या बाजूने झाला, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. जमीन विकली गेली नाही. ब्रुअरीचा अर्ज लिहिलेला नाही, फाडलेलाही नाही. तळघरात मात्र आता दर पंधरवड्यास ज्वारी पसरली जाते आणि तिच्यावर काकूंच्या वाकळा असतात. पुतण्याने तापमापकाच्या वहीत थंडीस वैरीण म्हटले होते, ती ओळ त्याने खोडून टाकल्याचे आम्हांस दाखविले. थंडी दोषी नव्हतीच. एका दिवसात सातावरून एकोणतिसावर आणि पुन्हा सातावर उड्या मारणे, हे कोणत्याच जीवास मानवत नाही. ज्वारीस नाही, यीस्टला नाही आणि माणसांच्या घरासही नाही.

परतीच्या गाडीत आमच्या पिशवीत शेरभर माल्ट होते. सौभाग्यवतींनी ते घरी दळून नातवंडांस दिले. वास खमंग, चव किंचित गोड. पुढल्या वेळ अमावास्येस आम्ही पुन्हा सोनपेठास जाणार आहोत, स्नेहीमंडळींनी हसावे.